खऱ्या कळांची पारख

मराठीत पोट नुसते ‘दुखते’, पण बाळंतपणाच्या कळा ‘येतात’ आणि ‘जातात’. प्रसूती ओळखण्याची सुइणींची जुनी खूण या क्रियापदांतच आहे: दुखण्याच्या तीव्रतेपेक्षा त्याची लय महत्त्वाची. चरकसंहितेत या कळांना ‘आवी’ असे स्वतंत्र नाव आहे. त्या सुरू होण्याआधी जांघा, ओटीपोट, कंबर, पाठ दुखते, पोट खाली उतरते, स्राव होतो, असे त्यातला ‘शारीरस्थान’ हा विभाग सांगतो. आणि आवी नसताना गर्भिणीने जोर करू नये, असेही बजावतो. म्हणजे नुसते दुखणे आणि प्रसूती यांतला फरक तेव्हाच उमगला होता. १८७२ मध्ये लंडनचे डॉक्टर जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी गर्भाशय गरोदरपणातही अधूनमधून आवळते हे मांडले, आणि ‘खोट्या कळां’मागचे कारण स्पष्ट झाले.

यावर आक्षेप येईल, की सुइणींच्या हाती अस्वच्छतेपायी कित्येक बाळंतिणी दगावल्या, मग त्या ज्ञानाचे कौतुक कशाला? पण तो दोष न धुतलेल्या हातांचा होता, थांबून पाहणाऱ्या नजरेचा नव्हे. कूस बदलली, चार पावले चालले की विरतात त्या खोट्या. अंतर घटत आणि जोर वाढत जातो त्या खऱ्या, हा निकष दवाखान्यातही टिकला. त्याची मर्यादा मात्र खरी आहे: गर्भाशयाचे तोंड उघडते आहे का, हे तपासणीशिवाय कळत नाही. म्हणून ३७ आठवड्यांआधी नियमित कळा आल्या, किंवा केव्हाही पाणी गेले वा रक्त दिसले, तर वाट पाहण्यात शहाणपण उरत नाही.