नहरीचे पाणी आणि तारेतला शब्द

मलिक अंबराने १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले आणि जमिनीखालून नहर आणली. एकाच प्रवाहाचे पाणी फाट्याफाट्यांनी मोहल्ल्यांत पोचे. पण वाटले की उणे होई.

१९८९ साली अमेरिकेत स्टीव्ह डीअरिंग यांनी संगणकांसाठी ‘मल्टिकास्ट’चे नियम प्रसिद्ध केले. संदेशाची एकच प्रत निघावी, वाटा फुटतील तिथेच तिच्या प्रती व्हाव्यात. पाणी वाटून घटते, वाचकहो. शब्द घटत नाही!

अडचण मोबाइलची. धावत्या एस.टी.तला विद्यार्थी एका मनोऱ्याची हद्द सोडून दुसऱ्याच्या हद्दीत शिरला, की नहरीचा फाटाही त्याच्यामागे धावायला हवा. नाहीतर धडा मध्येच तुटतो. वर्ग सोडून गेलेल्या पोरांसाठी मी मास्तर हाच फाटा शोधत असतो.