गळ कुणाचा, छंद कुणाचा? समुद्रातल्या मासेमारीच्या ‘खेळा’चा इतिहास

गळ टाकून समुद्रात मासे धरण्याचा छंद साहेबाने हिंदुस्थानात आणला, असे विधान वरचेवर वाचनात येते. सोबत बहुधा कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटाचा दाखला असतो. १८९८ साली चार्ल्स होल्डरने तिथे काठी-दोरीने १८३ पौंडांचा ट्यूना ओढून काढला, त्याच वर्षी तिथे ट्यूना क्लब स्थापन झाला, आणि समुद्रातील गळमासेमारीला नियम, नोंदी व प्रतिष्ठा लाभली. यातील घटना खऱ्या आहेत. त्यांना ‘आरंभ’ म्हणणे मात्र चूक आहे.

आपण सुमारे पावणेआठशे वर्षे मागे जाऊ. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याची कारकीर्द ११२७ ते ११३८. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले, मराठीच्या सीमेवरचे. या राजाच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात पाच विंशती, म्हणजे एकूण शंभर अध्याय आहेत. मराठीच्या अभ्यासकांना तो जुन्या मराठी पद्याच्या खुणांसाठी ठाऊक असतो. त्याच्या चौथ्या विंशतीत ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे, त्याकडे मात्र फारसे कुणी वळत नाही.

शब्द नीट पाहा: विनोद. इथे त्याचा अर्थ मनोरंजन. उदरनिर्वाहाची मासेमारी हा या प्रकरणाचा विषयच नव्हे. सुमारे पस्तीस प्रकारचे मासे, त्यांत खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, समुद्रातले कोणते व गोड्या पाण्यातले कोणते, कोणत्या माशाला काय खाऊ घालून जवळ आणावे, काठी, दोरी आणि गळ कसे असावेत, असा हा तपशील आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर सविस्तर लेख लिहिला आणि ते मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकांसमोर आणले. कॅटलिनाच्या ट्यूनापूर्वी साडेसातशेहून अधिक वर्षे एक दख्खनी राजा गळमासेमारीला राजाच्या विरंगुळ्यांत स्थान देत होता, आणि त्याच्या यादीत खारे पाणी होते.

ही माहिती राजाला कुठून मिळाली असेल? आमिषाचे आणि माशांच्या सवयींचे असे बारकावे राजवाड्यात बसून कळत नाहीत. ते भोई-कोळ्यांकडूनच आले असणार, असे माझे अनुमान आहे. ग्रंथावर नाव राजाचे आहे.

आता थोडे आमच्या गावाविषयी. धरणगावात १६७४ च्या सुमारास इंग्रजांची वखार होती. इथले कापड सुरतेच्या बंदरातून जहाजांवर चढे, आणि या वखारीला मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा तडाखाही बसला. पुढे १८२५ मध्ये जेम्स आउट्रॅमने खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावात होते. आउट्रॅम नामांकित शिकारी. जंगलाची वाट आणि वाघाचा माग भिल्लांना ठाऊक, पण पुस्तकांत ‘शिकारी’ म्हणून उरला तो साहेबच. मत्स्यविनोदाचीच ही दुसरी आवृत्ती म्हणा ना.

काठी-दोरीच्या बाबतीत हेच घडवणारे पुस्तक १८७३ मध्ये मंगळूरला छापले गेले. मद्रास सनदी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’. त्याचा मुख्य नायक नद्यांतला महसीर, पण नदीमुखांतल्या निमखाऱ्या पाण्यातील मासेमारीवरही त्याने लिहिले आहे. ज्याला आपण रावस म्हणतो त्याच्या कुळातल्या माशाचे त्याला विशेष कौतुक.

नदीमुखच का, हे समजून घेण्यासारखे आहे. पावसाळ्यात नद्यांचा गाळ खाडीत उतरतो आणि पाणी गढूळ होते. गढूळ पाण्यात वासाचे आमिष चालते, चकाकणारे खोटे आमिष चालत नाही, कारण माशाला ते दिसायला हवे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू शांत होतो, पाणी निवळते आणि हौशी लोकांचा हंगाम सुरू होतो. आमची तापी जिथे समुद्राला मिळते, त्या खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक काही ठिकाणी दहा मीटरच्या वर जातो. असे पाणी सतत गाळ ढवळत राहते. दक्षिण कोकणात मालवण-वेंगुर्ल्याकडे हा फरक पुष्कळ कमी आणि पाणी नितळ, म्हणून छंदी लोकांची पावले तिकडे वळतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे गणित कोळीवाड्यात तोंडपाठ असते. आजचा हौशी मासेमार तेच मोबाइलवर पाहतो.

आणि मग कायदा आला. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने सुरुंगाची दारू वापरून मासे मारणे हा गुन्हा ठरवला. किनाऱ्यापासून एक सागरी लीगपर्यंतचा समुद्रही त्यात आला. त्याच कायद्याने पाण्यात विष कालवण्यालाही बंदी घातली. सुरुंगाची दारू ही रस्ते आणि रेल्वे बांधणाऱ्या नव्या जगाची देणगी. उन्हाळ्यात आटलेल्या डोहात वनस्पतींचा रस कालवून मासे गुंगवणे ही मात्र डोंगरातल्या लोकांची जुनी रीत. दोन्ही एकाच कायद्यात, लागोपाठच्या कलमांत बसल्या.

यावरून ‘साहेबाने आपल्या छंदासाठी गरिबाचे ताट ओढले’ असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मला तो अर्धाच पटतो. विषाने पिल्लेही मरतात, आणि डोह रिकामा झाला की त्याचा फटका डोहाकाठच्या माणसालाच आधी बसतो. बंदीमागे कारण होते. खटकते ते एवढेच, की मासे कमी का झाले या प्रश्नाची चर्चा ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी केली, आणि त्यांतल्या अनेकांच्या दुसऱ्या हातात काठी होती.

‘मानसोल्लास’ची गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेली संहिता बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत आहे, पहिला खंड १९२५ चा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौथी विंशती असलेला खंड मागा. मत्स्यविनोद वाचलात, तर त्यातली माशांची नावे आजच्या मराठी नावांशी कुठे जुळतात ते खाली लिहा. पुढचा धागा त्याच यादीवर करू.