फेरफारांची सूची : फ्रॅपे फ्रेमवर्कच्या बांधणीचा आणि अद्ययावतीकरणाचा इतिहास

गावाच्या महसुली दप्तरात सातबारा हा उतारा जमीन आज कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यात कोणते पीक उभे आहे एवढेच सांगतो, तर ती त्या नावावर कशी आली हे पाहण्यासाठी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडावी लागते, कारण वारस, खरेदी, वाटणी अशा प्रत्येक बदलाला तिथे अनुक्रमांक मिळालेला असतो आणि सातबाऱ्यावर त्या क्रमांकाचा केवळ उल्लेख येतो. खुद्द गावाचा पत्ताही असाच बदलत आलेला आहे. वाशीम जिल्ह्यातील आसेगाव ज्या मंगरुळपीर तालुक्यात येते, तो तालुका एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडच्या बासीम, म्हणजे आजच्या वाशीम, जिल्ह्यात मोडत असे. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून तालुका अकोला जिल्ह्याला जोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा वेगळा निघाला. या काळात वऱ्हाड मध्य प्रांतांना जोडले गेले (१९०३), पुढे विदर्भासह द्विभाषिक मुंबई राज्यात आले (१९५६) आणि अखेर महाराष्ट्रात समाविष्ट झाले (१९६०). गाव जागचे हलले नाही, पण त्याविषयीची माहिती साठवणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला ‘जिल्हा’ हा रकाना जुन्या नोंदी न बिघडवता बदलावा लागला असता. संगणकाच्या आज्ञावलीपुढेही, ती जुनी होऊ लागली की, हाच पेच उभा राहतो, आणि मुंबईत घडलेल्या ‘फ्रॅपे’ या फ्रेमवर्कच्या इतिहासात त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने कसे सापडत गेले हे पाहता येते.

सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामरने माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली मूळ आज्ञावली, आणि ती वाचण्याची, बदलण्याची व पुढे वाटण्याची परवानगी ज्या सॉफ्टवेअरच्या परवान्यातच असते ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर होय. फ्रेमवर्क हे स्वतः एखादे तयार काम करून देत नाही; लॉगिन, अधिकार, फॉर्म, छपाई, माहितीसाठा अशा वारंवार लागणाऱ्या गोष्टी ते पुरवते आणि त्यांच्या आधारावर इतरांनी आपापली ॲप्लिकेशने उभारावीत अशी त्याची रचना असते. मूळ आज्ञावलीपासून चालते सॉफ्टवेअर तयार करणे, म्हणजे बिल्ड, ही प्रक्रिया बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हे साधन लिहिल्यावर सुटसुटीत झाली, कारण बदललेल्या भागावर अवलंबून असलेले तेवढेच भाग ते नव्याने बांधत असे. लॅरी वॉल यांच्या १९८५ च्या ‘पॅच’ या प्रोग्रॅममुळे संपूर्ण आज्ञावली न पाठवता केवळ जुन्या-नव्यातील फरक पाठवणे शक्य झाले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेला ग्नू प्रकल्प आणि १९८९ चा त्याचा जीपीएल परवाना यांनी या तंत्राला कायद्याचा आधार दिला. दूरच्या अनोळखी माणसांनी एकाच आज्ञावलीवर काम करण्याची रीत रुळली, ती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यानंतर.

मुंबईतील प्रकरणाचे मूळ फर्निचरच्या धंद्यात आहे. शिक्षणाने औद्योगिक अभियंता असलेल्या ऋषभ मेहता यांच्या कौटुंबिक फर्निचर उद्योगात ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकाच जागी सांभाळणारी प्रणाली, बसवण्याचा प्रयत्न फसला; त्यानंतर त्यांनी स्वतः प्रोग्रॅमिंग शिकून तशी प्रणाली लिहायला घेतली आणि २००८ मध्ये ‘वेब नोट्स’ या नावाने कंपनी उभी राहिली. तिच्या ‘ईआरपीनेक्स्ट’ या प्रणालीच्या पोटात जो सर्वसाधारण पाया तयार झाला, तोच पुढे स्वतंत्र फ्रेमवर्क म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि २०१४ च्या चौथ्या आवृत्तीपासून त्याचे ‘वेबनोट्स’ हे अंतर्गत नाव जाऊन ‘फ्रॅपे’ हे नाव रूढ झाले. ईआरपीनेक्स्ट जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली, तर फ्रॅपे अधिक मोकळ्या एमआयटी परवान्याखाली मिळते. ज्याला व्यवसायाची प्रणाली नको, फक्त पाया हवा, त्याची सोय या भेदामुळे झाली.

फ्रॅपे मूळ आज्ञावलीपासून उभे करण्याचे काम ‘बेंच’ नावाचे आज्ञा-साधन करते. ‘बेंच इनिट’ ही आज्ञा दिली की बदलांचा इतिहास जपणाऱ्या ‘गिट’ या साधनाच्या साह्याने आज्ञावली उतरते, ती ज्या भाषेत लिहिली आहे त्या पायथनसाठी वेगळे वातावरण तयार होते, अवलंबून असलेली पॅकेजेस येतात, ब्राउझरकडे जाणाऱ्या जावास्क्रिप्टच्या फाइली बांधल्या जातात आणि ‘ॲप्स’, ‘साइट्स’, ‘कॉन्फिग’, ‘लॉग्ज’ अशा फोल्डरांची मांडणी सिद्ध होते. मारियाडीबी हा माहितीसाठा आणि रेडिस ही तात्पुरती साठवण व कामांची रांग सांभाळणारी सेवा आधी बसवलेली असावी लागते. नवख्या माणसाचा पहिला दिवस बहुधा इथेच, कोणत्यातरी पॅकेजच्या न जुळणाऱ्या आवृत्तीपाशी, खर्ची पडतो.

तरीही बांधणी हा या इतिहासातला सोपाच भाग म्हणावा लागेल. रिकाम्या साठ्यावर नवी आज्ञावली बसवण्यात धोका नसतो. धोका असतो तो वर्षानुवर्षांच्या बिलांनी आणि साठ्याच्या नोंदींनी भरलेल्या प्रणालीखालचा पाया बदलण्यात. ‘बेंच अपडेट’ आधी सर्व साइटींची प्रत काढून ठेवते, नवी आज्ञावली ओढते, पॅकेजेस अद्ययावत करते, माहितीसाठ्याचे स्थलांतर घडवते आणि फाइली पुन्हा बांधून सेवा नव्याने सुरू करते. यातले स्थलांतर प्रत्येक ॲपमधील ‘पॅचेस डॉट टीएक्सटी’ या साध्या मजकुरी फाइलीवर चालते. तिच्यातील प्रत्येक ओळ एका छोट्या प्रोग्रॅमचे नाव असते आणि तो प्रोग्रॅम जुनी माहिती नव्या साच्यात बसवतो: एखाद्या रकान्याचे नाव बदलतो, एका तक्त्याचे दोन करतो किंवा रिकामी राहिलेली किंमत भरतो. ओळी वरून खाली, क्रमानेच चालतात. चाललेल्या प्रत्येक ओळीची नोंद ‘पॅच लॉग’मध्ये होते आणि ती ओळ त्या साइटीवर पुन्हा चालत नाही. मध्येच एखादा पॅच कोसळला तर स्थलांतर तिथे थांबते आणि दुरुस्तीनंतर राहिलेल्या ओळीपासून पुढे जाते. फेरफार नोंदवहीशी असलेले हे साम्य केवळ क्रमापुरते नाही: तिथेही तलाठ्याने घेतलेली नोंद हितसंबंधितांना नोटीस जाऊन मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करेपर्यंत पक्की होत नाही, आणि इथेही पॅच दुसऱ्याने तपासल्याखेरीज मुख्य आज्ञावलीत घेतला जात नाही. एखादा पॅच पुन्हा चालवायचाच असेल तर त्याच्या ओळीपुढे तारखेची टीप जोडतात. लॉग संपूर्ण ओळ ताडून पाहत असल्यामुळे बदललेली ओळ त्याला नवीन वाटते. ही युक्ती मोहक नाही, पण टिकाऊ ठरली.

ईआरपीनेक्स्टच्या जुन्या पॅचांचे फोल्डर ‘जानेवारी ते मार्च २०१२’, ‘एप्रिल २०१२’ अशा महिन्यांच्या नावांनी होते, तर चौथ्या आवृत्तीपासून त्यांना आवृत्तीचे क्रमांक मिळाले. रोजच्या रोज सुधारत जाणारे दुकान मोजून-मापून आवृत्त्या काढणारी संस्था केव्हा झाले, हे प्रसिद्धिपत्रकांपेक्षा या नावांवरून अधिक खात्रीने कळते. चौदाव्या आवृत्तीत सूचीचे दोन विभाग पडले, एक तक्त्यांची रचना बदलण्यापूर्वी चालवायच्या पॅचांचा आणि दुसरा त्यानंतरच्यांचा. जुना रकाना नाहीसा होण्याआधी त्यातला मजकूर वाचून घ्यायचा असेल तर ही विभागणी अपरिहार्य होती.

मराठी वापरकर्त्याशी थेट संबंध असलेला फेरबदल पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीकडून तिसरीकडे जाताना झाला. पायथन २ मध्ये अवतरणातला मजकूर मुळात बाइटांची माळ समजला जाई, त्यामुळे ‘आसेगाव’ हे चार अक्षरचिन्हांचे आणि स्वरचिन्हांसह सहा युनिकोड घटकांचे नाव यूटीएफ-८ मध्ये अठरा बाइटांचे ठरे आणि लांबी मोजताना किंवा तुकडा पाडताना अक्षर अर्धे तुटण्याची भीती राही. त्यावर उपाय म्हणून फ्रॅपेच्या फाइलींच्या माथ्यावर ‘युनिकोड लिटरल्स’ मागवणारी एक ओळ लिहिलेली असे. पायथन २ ची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली, २०२१ च्या तेराव्या आवृत्तीने त्याचा आधार सोडला आणि ती ओळ फाइलींतून सरसकट काढली गेली.

अशा प्रत्येक फेरबदलागणिक जुन्या आवृत्तीवर थांबून राहणाऱ्यांचे अंतर वाढत गेले. चालते आहे ते कशाला हलवा, या विचाराने अनेक व्यवसाय वर्षे काढतात आणि पुढे सरकायची वेळ आली की मधली एकही मोठी आवृत्ती न गाळता एकेक पायरी चढावी लागते, कारण पॅचांचा क्रम तसाच आहे. त्यातच, फार जुन्या आवृत्त्यांसाठीचे पॅच पुढील काळात सूचीतून काढून टाकले गेले. फेरफार नोंदवहीचे जुने पान असे फाडता येत नाही. इथे मात्र ते गिटच्या इतिहासात शाबूत असते, आणि दहा वर्षांपूर्वीची साइट आज वर आणणाऱ्याला त्या काळच्या शाखेवरची आज्ञावली उतरवून, त्या काळच्या पायथनसह ती नव्याने बांधूनच पहिला पॅच चालवावा लागतो.