झिओलाइट

सिलिकेट वर्गातील खनिजांचे एक कुल. सोडियम, कॅल्शियम किंवा पोटॅशियम यांची ही सजल ॲल्युमिनोसिलिकेटे असून निसर्गात त्यांचे 60हून अधिक प्रकार आढळतात. सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्या चौफलकांची जाळीदार चौकट हे कुलाचे मुख्य लक्षण. तिच्या पोकळ्यांत पाणी असते. तापवल्यास पाणी निघून जाते, चौकट मात्र बहुधा टिकते. दगड तापताना उकळल्यासारखा फुगतो हे पाहून स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेट यांनी 1756 मध्ये हे नाव दिले. काठिण्य साधारण 3.5 ते 5.5.

महाराष्ट्राचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, हे या खनिजांचे जगप्रसिद्ध माहेर आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूंचे बुडबुडे अडकले, रस थिजल्यावर त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे खडकात मुरलेल्या उष्ण पाण्यातून तेथे स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगाव व छत्रपती संभाजीनगर या परिसरांतील दगडखाणींत आणि विहिरींच्या खोदकामात ते सापडतात.

आकारावरून ओळख पटते, पण फसगतही होते. स्टिल्बाइटाचे एकनताक्ष स्फटिक मध्ये बांधलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना फुलतात. ह्यूलँडाइटाच्या पाटनपृष्ठावर मोत्याची झळाळी असते. स्कोलेसाइटाच्या सुया एका बिंदूतून चहूकडे पसरतात. ॲनाल्साइटाचा स्फटिक 24 फलकांचा असू शकतो. चॅबाझाइट घनासारखा दिसतो, पण त्याचे कोन काटकोन नसतात. त्याच पोकळीत वाढणारे हिरवट अपोफायलाइट, गारगोटी (क्वॉर्ट्झ) आणि पुण्याजवळच्या वाघोलीचे गर्द निळे कॅव्हन्साइट यांना बाजारात सर्रास झिओलाइट म्हणतात, ते चूक आहे. सोबत सापडतात म्हणून खनिजे एका कुलातली ठरत नाहीत. कुल ठरते रासायनिक संघटन आणि अणुरचना यांवरून.

झिओलाइटे आपल्यातील आयन पाण्यातल्या आयनांशी बदलतात, म्हणून जड पाणी मृदू करण्यास ती उपयोगी पडतात. खनिज तेलाच्या भंजनात, धुण्याच्या पावडरीत आणि हवेतला नायट्रोजन शोषून रुग्णाला ऑक्सिजन पुरवणाऱ्या यंत्रांत मुख्यतः कृत्रिम झिओलाइटे वापरतात.

नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळच्या गारगोटी संग्रहालयात महाराष्ट्रातील उत्तम नमुने पाहता येतात. अनेक पोकळ्या मात्र खडी फोडताना कोणी पाहण्याआधीच नाहीशा होतात, ही मोठी हानी आहे. नमुना हाती आल्यास गाव, खाण आणि खडकाचा थर यांची नोंद त्याच्यासोबत जरूर ठेवावी. स्थळ हरवलेल्या स्फटिकाचे अभ्यासमूल्य फार कमी होते.