कार्लश्टेनचा गाणारा सम्राट
चेक संगीतपटांतील राजे-राण्या आणि इतिहासातील वास्तव

प्रागच्या नैर्ऋत्येस सुमारे ३० किलोमीटरवर, बेरोउंका नदीच्या खोऱ्यातील एका टेकडीवर कार्लश्टेन हा किल्ला उभा आहे. बोहेमियाचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट चौथा चार्ल्स याने १३४८ मध्ये त्याची पायाभरणी केली. साम्राज्याची राजचिन्हे आणि मौल्यवान पवित्र अवशेष यांचे जतन करणे, हा तो बांधण्यामागील मुख्य हेतू होता. मात्र चेक जनमानसात हा किल्ला वेगळ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. येथे रात्री एकाही स्त्रीला राहू न देण्याची सम्राटाची आज्ञा होती आणि त्याच्याच राणीने पुरुषवेष धारण करून ती मोडली, ही ती कथा. या कथेचा उगम इतिहासग्रंथात नाही. एका कवीच्या नाटकातून ती आली आणि १९७३ मध्ये निर्माण झालेल्या एका संगीतपटाने ती घरोघरी पोहोचवली.

‘नोत्स ना कार्लश्टेन्ये’, म्हणजेच ‘कार्लश्टेनवरील एक रात्र’, हा तो चित्रपट. राजे-राण्यांभोवती गुंफलेल्या चेक संगीतपटांच्या परंपरेतील ही सर्वांत लोकप्रिय कलाकृतींपैकी एक मानली जाते. या परंपरेचा मागोवा घेताना दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवतात. पहिली म्हणजे, या चित्रपटांनी इतिहासाशी मनमुराद स्वातंत्र्य घेतले. दुसरी म्हणजे, जो इतिहास त्यांनी पडद्यावर आणला नाही, तो त्यांच्या कलावंतांच्या वाट्याला आला.

परीकथेतून राजदरबाराकडे

चेकोस्लोव्हाकियातील चित्रपट उद्योगाचे १९४५ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि १९४८ मध्ये देशात कम्युनिस्ट राजवट आली. राजे, सरदार आणि किल्ले यांना या राजवटीत फारसे स्थान उरणार नाही, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात मात्र प्रागच्या बारांदोव्ह स्टुडिओत राजवस्त्रांची चलती कायम राहिली. परीकथेतील राजा हा कोणत्याही काळाचा नसतो. त्यामुळे त्याच्याविषयी बोलणे तुलनेने सोपे होते.

१९५१ मध्ये तयार झालेल्या मार्टिन फ्रिच यांच्या द्विभागी विनोदी चित्रपटात यान वेरिख या थोर नटाने दुसऱ्या रुडॉल्फ सम्राटाची आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या एका बेकरीवाल्याची अशी दुहेरी भूमिका केली. हा सम्राट मध्ययुगातला नव्हे, तर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. किमयागारांच्या नादी लागलेला सम्राट नाहीसा होतो आणि बेकरीवाला त्याच्या जागी बसून कारभार सुधारतो, अशी ही कथा. तिच्या शेवटच्या सामूहिक गीतात नव्या राजवटीला रुचेल असा श्रमाचा आणि सहकार्याचा संदेश होता. तरीही चित्रपट टिकला तो वेरिख यांच्या विनोदामुळे.

१९५२ मध्ये आलेल्या बोर्झिवोय झेमान यांच्या ‘गर्विष्ठ राजकन्या’ या चित्रपटात मिरोस्लाव्ह नावाचा राजा माळ्याच्या वेषात एका उद्धट राजकन्येच्या महालात शिरतो आणि गाणाऱ्या फुलाच्या साहाय्याने तिचे मन पालटतो. तिच्या राज्यात लोकांना गाण्याची बंदी असते आणि ती उठणे हाच कथेचा आनंददायी शेवट ठरतो. हा चित्रपट ८० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी चित्रपटगृहांत पाहिला. चेक चित्रपटांच्या इतिहासातील हा उच्चांक आहे. ज्या काळात राजकीय खटले आणि फाशीच्या शिक्षा चालू होत्या, त्या काळात गाण्यावरील बंदी उठवणारा राजा लोकांना आपलासा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

याच झेमान यांनी १९६८ मध्ये ‘अतोनात दुःखी राजकन्या’ हा संगीतपट काढला. दोन शेजारी राजे आपल्या मुलांचा विवाह परस्पर ठरवतात. राजपुत्र आणि राजकन्या दोघेही त्याला नकार देतात आणि एकमेकांची ओळख नसताना एकमेकांच्याच प्रेमात पडतात. ब्लात्ना येथील पाण्याने वेढलेल्या किल्ल्यात त्याचे चित्रण झाले. त्या वेळचे लोकप्रिय गायक हेलेना वोंद्राच्कोवा आणि वाच्लाव्ह नेत्स्कार्झ यांनी राजकन्येच्या आणि राजपुत्राच्या भूमिका केल्या. पात्रांची नावेही हेलेना आणि वाच्लाव्ह हीच ठेवण्यात आली होती.

नाटकातून पडद्यावर

कार्लश्टेनच्या कथेचे मूळ याहून जुने आहे. यारोस्लाव्ह वर्ख्लित्स्की (१८५३-१९१२) या कवीने ती तीन अंकी सुखात्मिकेच्या रूपात लिहिली आणि १८८४ मध्ये ती प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगभूमीवर आली. चेक भूमी तेव्हा ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग सम्राटांच्या अमलाखाली होती. प्रागला साम्राज्याची राजधानी बनवणारा चौथा चार्ल्स हा त्यामुळे चेक राष्ट्रवाद्यांच्या दृष्टीने गतवैभवाचे प्रतीक होता. वर्ख्लित्स्की यांनी त्या प्रतीकाला पुतळ्याच्या चौथऱ्यावरून खाली उतरवले आणि तरुण बायकोच्या रुसव्यापुढे हतबल होणारा नवरा म्हणून उभे केले. नाटक लोकप्रिय झाले.

सुमारे नऊ दशकांनंतर दिग्दर्शक झ्देनेक पोडस्काल्स्की यांनी त्याचा संगीतपट केला. संगीत कारेल स्वोबोदा यांचे, तर गीते यिर्झी श्टाय्दल यांची होती. कथानक मूळ नाटकाचेच आहे. सम्राट एकांतासाठी कार्लश्टेनवर येतो. विरहाने व्याकूळ आणि काहीशी संशयी झालेली राणी एलिश्का सेवकाच्या वेषात किल्ल्यात शिरते. त्याच रात्री आलेना ही तरुणीही पैजेपोटी त्याच वेषात तेथे येते. सायप्रसचा राजा पीटर आणि बव्हेरियाचा ड्यूक श्टेपान हे पाहुणे किल्ल्यात मुक्कामाला असतात. किल्ल्यात कोणीतरी स्त्री असल्याची कुजबुज सुरू होते आणि घोटाळ्यामागून घोटाळे होत पहाटेपर्यंत सारे उलगडते.

व्लास्टिमिल ब्रोड्स्की यांनी सम्राटाची, तर याना ब्रेय्खोवा यांनी राणीची भूमिका केली. मिलोश कोपेत्स्की हे ड्यूक झाले होते आणि आर्चबिशप आर्नोश्ट यांची भूमिका कारेल ह्योगर यांच्याकडे होती. यारोस्लाव्ह मार्वान या ज्येष्ठ नटाची ही अखेरची चित्रपट भूमिका ठरली. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. आलेना आणि तिचा प्रियकर पेशेक यांच्या भूमिकांत दानिएला कोलार्झोवा आणि यारोमिर हान्झलिक ही जोडी होती. विशेष म्हणजे याच जोडीने १९६९ मध्ये कारेल स्टेक्ली यांच्या एका विनोदी चित्रपटात तरुण चौथा चार्ल्स आणि त्याची पहिली पत्नी ब्लांश यांच्या भूमिका केल्या होत्या.

पडद्यावर ब्रेय्खोवा यांच्या तोंडी असलेले राणीचे विरहगीत प्रत्यक्षात हेलेना वोंद्राच्कोवा यांनी गायिले आहे. पाच वर्षांपूर्वीची राजकन्या या चित्रपटात अदृश्य राहून राणीचा आवाज झाली. हे गीत चेक सुगम संगीतातील अविस्मरणीय गीतांमध्ये गणले जाते. त्याचे शब्द लिहिणारे श्टाय्दल यांना मात्र त्याचे यश पाहता आले नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

खरा चार्ल्स, खरी एलिश्का

इतिहासातील चौथ्या चार्ल्सचा जन्म १४ मे १३१६ रोजी प्रागमध्ये झाला. बालपणाची काही वर्षे त्याने फ्रान्सच्या दरबारात काढली. १३४६ मध्ये तो बोहेमियाचा राजा झाला आणि १३५५ मध्ये रोम येथे त्याला सम्राटपदाचा मुकुट मिळाला. १३४८ मध्ये त्याने प्राग विद्यापीठ स्थापन केले. १३५७ मध्ये व्ल्टावा नदीवरील प्रसिद्ध दगडी पुलाचे काम सुरू केले. त्याने लॅटिन भाषेत आत्मचरित्र लिहिले असून आपल्याला चेक, फ्रेंच, लोम्बार्ड, जर्मन आणि लॅटिन या पाच भाषा अवगत असल्याचे त्यात नमूद केले आहे. २९ नोव्हेंबर १३७८ रोजी त्याचे निधन झाले.

चार्ल्सचे चार विवाह झाले. एलिश्का, म्हणजे पोमेरेनियाची एलिझाबेथ, ही त्याची चौथी पत्नी. १३६३ मध्ये क्राकोव्ह येथे त्यांचा विवाह झाला, तेव्हा तो ४७ वर्षांचा होता आणि ती सुमारे सोळा वर्षांची. हा विवाह राजकीय तडजोडीचा भाग होता. पोलंडचा राजा कासिमिर याची ती नात होती. पडद्यावरील राणी मात्र तिशी ओलांडलेली, आत्मविश्वासाने वावरणारी स्त्री आहे. एलिश्काच्या असामान्य शारीरिक बळाची ख्याती मात्र कल्पित नाटकातली नव्हे. ती नुसत्या हातांनी घोड्याचे नाल मोडू शकत असे, असे समकालीन बखरकार बेनेश क्राबित्से याने लिहून ठेवले आहे.

स्त्रियांवरील बंदीचे काय? संपूर्ण किल्ल्यात स्त्रियांना मज्जाव असल्याचा पुरावा नाही. उलट किल्ल्याच्या निवासी वाड्यात राणीसाठी दालने होती. बंदी होती ती केवळ मोठ्या बुरुजापुरती. या बुरुजात होली क्रॉस चॅपेल हे प्रार्थनागृह आहे. त्याच्या भिंती मौल्यवान खड्यांनी मढवलेल्या असून चित्रकार थिओडोरिक याने रंगवलेली संतांची सुमारे १३० फलकचित्रे तेथे आहेत. बुरुजाचे पावित्र्य राखण्यासाठी तेथे कोणीही स्त्रीसह, मग ती विवाहित पत्नी का असेना, निजू नये, असा सम्राटाचा आदेश होता. बुरुजापुरता असलेला हा नियम लोककथेत साऱ्या किल्ल्याला लागू झाला आणि वर्ख्लित्स्की यांनी त्यावर नाटक रचले.

पात्रांच्या एकत्र येण्यातही असेच स्वातंत्र्य आहे. सायप्रसचा राजा पीटर खरोखरच १३६४ मध्ये मध्य युरोपात आला होता. नव्या धर्मयुद्धासाठी पाठिंबा मिळवण्याचा त्याचा प्रयत्न होता. १९ मे १३६४ रोजी फ्रान्समधील राइम्स येथील राज्याभिषेकाला तो उपस्थित होता आणि त्यानंतर प्रागकडे आला. आर्चबिशप आर्नोश्ट यांचे निधन ३० जून १३६४ रोजी झाले. त्यामुळे कार्लश्टेनवर या दोघांनी एका रात्री एकाच छताखाली असण्याची शक्यता फारच कमी दिसते.

आज दिसणाऱ्या किल्ल्याचे रूपही पूर्णपणे चार्ल्सच्या काळातले नाही. १८८७ ते १८९९ या काळात वास्तुविशारद योसेफ मोकर यांनी त्याची मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी केली. चित्रपटातील मध्ययुग ज्या भिंतींच्या साक्षीने घडते, त्यांचा बराचसा बाह्य आकार एकोणिसाव्या शतकाच्या कल्पनेतून आलेला आहे.

पडद्यामागचा इतिहास

हा संगीतपट कोणत्या काळात निर्माण झाला, हे लक्षात घेतले तर त्याच्या आनंदी सुरांना वेगळा अर्थ प्राप्त होतो. २० ऑगस्ट १९६८ च्या रात्री वॉर्सा कराराच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या आणि अलेक्झांडर दुबचेक यांच्या सुधारणांचा ‘प्राग वसंत’ संपला. त्यानंतरच्या दडपशाहीच्या पर्वाला सरकारी भाषेत ‘सामान्यीकरण’ म्हटले गेले. अनेक चित्रपट कपाटबंद झाले. यिर्झी मेंझेल यांचा १९६९ चा ‘तारेवरचे चंडोल’ हा चित्रपट १९९० मध्ये प्रदर्शित होऊ शकला आणि त्याच वर्षी त्याला बर्लिन महोत्सवात ‘गोल्डन बेअर’ हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यातील एक प्रमुख नट होते, कार्लश्टेनचे सम्राट ब्रोड्स्की.

समकालीन जीवनावर प्रामाणिकपणे बोलणे धोक्याचे झाले, तेव्हा सहाशे वर्षांपूर्वीचा दरबार सुरक्षित आश्रय ठरला. कार्लश्टेनच्या कथेत राजद्रोह नाही, वर्गसंघर्ष नाही आणि प्रचारही नाही. आहे तो एक शहाणा, थकलेला, प्रेमळ राज्यकर्ता, जो आपलाच हुकूम चुकीचा असल्याचे अखेर मान्य करतो. वास्तवातील राज्यकर्त्यांकडून लोकांना अशी अपेक्षा करता येत नव्हती.

गायकांच्या नशिबी मात्र असा आश्रय नव्हता. वोंद्राच्कोवा आणि नेत्स्कार्झ यांच्यासह १९६८ मध्ये ‘गोल्डन किड्स’ ही त्रयी स्थापन करणाऱ्या मार्टा कुबिशोवा यांच्या गीताला त्या ऑगस्टमध्ये प्रतिकाराच्या प्रार्थनेचे स्वरूप आले होते. १९७० मध्ये बनावट छायाचित्रांच्या आधारे त्यांच्यावर बालंट आणून त्यांना जाहीर गायनाची बंदी करण्यात आली. पुढे त्या मानवी हक्कांच्या ‘चार्टर ७७’ चळवळीच्या प्रवक्त्या झाल्या आणि १९८९ च्या नोव्हेंबर क्रांतीतच त्यांचा आवाज पुन्हा जाहीरपणे ऐकू आला. त्यांच्या सहकारी वोंद्राच्कोवा यांची कारकीर्द मात्र चालू राहिली. कार्लश्टेनच्या राणीला आवाज मिळाला, तेव्हा कुबिशोवा यांच्या बंदीला तीन वर्षे झाली होती.

सायप्रसच्या राजाची भूमिका करणारे लोकप्रिय गायक वाल्डेमार मातुश्का १९८६ मध्ये अमेरिकेत गेले आणि परतले नाहीत. त्यानंतर त्यांची गाणी सरकारी नभोवाणीवरून नाहीशी झाली. गाण्यावर बंदी घालणारे राज्य १९५२ च्या परीकथेत होते. तसेच राज्य या गायकांनी प्रत्यक्षात अनुभवले.

स्मृतीतील सम्राट

१९८९ नंतर राजवट बदलली, तरी या चित्रपटांची लोकप्रियता ओसरली नाही. कार्लश्टेनचा संगीतपट पुन्हा नाट्यगृहांत पोहोचला आणि अनेक नाट्यसंस्थांनी तो रंगमंचीय संगीतिका म्हणून सादर केला. संगीतकार स्वोबोदा यांचे २००७ मध्ये निधन झाले. ‘सिंड्रेलासाठी तीन अक्रोड’ या परीकथापटाचे संगीतही त्यांनी याच सुमारास, १९७३ मध्ये केले होते. नाताळच्या दिवसांत चेक आणि जर्मन घरांत ते संगीत आवर्जून ऐकू येते.

२००५ मध्ये चेक दूरचित्रवाणीने घेतलेल्या जनमत चाचणीत चौथा चार्ल्स ‘सर्वश्रेष्ठ चेक’ ठरला. याच चाचणीत यारा त्सिम्रमान या निव्वळ काल्पनिक पात्रालाही भरघोस मते पडली होती आणि ते पात्र काल्पनिक असल्याने बाद करावे लागले होते. इतिहास आणि कल्पना यांच्या सीमेवर इतक्या मोकळेपणाने वावरणाऱ्या समाजाने चार्ल्सला दिलेल्या मतांत विद्यापीठ आणि पूल यांचा वाटा किती आणि ब्रोड्स्की यांच्या मिश्कील डोळ्यांचा किती, हे कोणतीही चाचणी सांगू शकणार नाही.

इतिहासकारांनी बुरुजाच्या नियमाचा खरा अर्थ वारंवार स्पष्ट केला आहे. तरीही त्या एका रात्रीची कथा पुसली गेलेली नाही. सम्राटाचा खरा हुकूम प्रार्थनागृहाच्या पावित्र्यासाठी होता आणि तो एका बुरुजापुरताच होता. लोकांनी मात्र तो साऱ्या किल्ल्याचा हुकूम म्हणून लक्षात ठेवला. कारण तो एका स्त्रीने मोडला आणि हुकूम देणाऱ्याने तिच्यापुढे आपली चूक कबूल केली, एवढेच त्यांना त्या कथेतून हवे होते.