पारंपरिक म्हणजे नक्की किती जुनं?

दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरली की आपल्यासारख्यांना दोनच गोष्टी सुचतात. एक म्हणजे जिमचं वर्षाचं पॅकेज आणि दुसरी म्हणजे कराटेचा क्लास. क्लासच्या पाटीवर ‘पारंपरिक’ हा शब्द ठळक असतो, आणि आपण नेमके त्यालाच भुलतो. या वीकेंडला त्या शब्दाच्या मागे लागलो आणि पोचलो ते सातारा-सांगलीच्या लाल मातीत. कसं ते सांगतो.

कराटे मूळचं ओकिनावा बेटाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसु आन्को यांनी ते तिथल्या शाळांमध्ये आणलं. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन, पेशाने शाळामास्तर. १९२२ साली त्यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं आणि मग तिथेच शिकवत राहिले. पूर्वी हे नाव ज्या अक्षरांत लिहीत त्यांचा अर्थ होता ‘चिनी हात’; १९३० च्या दशकात अक्षरं बदलून ‘रिकामा हात’ झालं. पांढरा पोशाख आणि पट्टे तर ज्यूदोकडून घेतलेले. म्हणजे क्लासच्या पहिल्या दिवशी जे ‘प्राचीन’ दिसतं, त्यातलं बरंचसं शंभरेक वर्षांचंच. मग ही फसवणूक का? मला नाही वाटत. कारण आपल्याकडच्या कुस्तीचंही तेच झालंय.

कराडजवळचं गोळेश्वर, जिल्हा सातारा. इथे १९२६ साली खाशाबा जाधव जन्मले. वडील पैलवान, त्यामुळे मातीशी ओळख लहानपणापासूनच. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले ते मातीतली कुस्ती घेऊन. मातीत पाय रुततो, आणि मैदानात गडी चितपट होईपर्यंत लोक समाधानी नसतात. मॅटवर पाय रुतत नाही, घड्याळ पळत असतं आणि पंचांचा हिशेब वेगळाच. तरीही फ्लायवेटमध्ये त्यांनी सहावा नंबर काढला.

पुढची चार वर्षं त्यांनी या नव्या नियमांचा अभ्यास केला. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा बँटमवेटमध्ये कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी थेट १९९६ उजाडावं लागलं. आणि गंमत बघा, त्याच गटात सुवर्ण जिंकणारा जपानचा इशी शोहाची हा मूळचा ज्यूदोवाला. युद्धानंतर जपानमध्ये ज्यूदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. दोघंही आपापली जुनी विद्या घेऊन परक्या नियमांत उतरले होते.

सांगलीकडेही हेच. पुनवतचे गणपत आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता एशियाडमधून प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं, फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन मिळून. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली धरायचंच नसतं, म्हणजे पट काढणं बंद! मातीतल्या गड्याला हे किती जड गेलं असेल, विचार करा. महाराष्ट्र केसरीत तर माती आणि गादी असे दोन विभागच आहेत, आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी समोरासमोर येतात. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली. पिढ्यान्‌पिढ्या तालमीत मुलींना मज्जाव होता, हे लक्षात घेतलं तर हा बदल मॅटपेक्षाही मोठा.

मग एवढं बदलूनही टिकलं काय? माझ्या मते, शिकायची पद्धत. तालमीत नवीन पोरगा आला की त्याला कोणी पहिल्याच दिवशी ढाक किंवा धोबीपछाड शिकवत नाही. आधी फावडं घेऊन माती उकरायची, मग जोर, मग बैठका. डाव कधी द्यायचा ते वस्ताद ठरवणार. कराटेतही आधी किहोन, म्हणजे उभं राहणं, ठोसा, अडवणं, तेच तेच शेकडो वेळा. मग काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. आणि त्यानंतर कुमिते, म्हणजे समोर खराखुरा माणूस.

तेव्हा क्लास लावायचा असेल तर ‘तुमची परंपरा किती जुनी?’ हे विचारू नका. पाया किती महिने पक्का करून घेता, चूक झाली तर सुधारतं कोण, आणि समोरासमोर कधी उभं करता, एवढं विचारा. जमलं तर आधी एका पहाटे एखाद्या तालमीत जाऊन नुसतं बघून या. शिकवणं कशाला म्हणतात ते कळेल. आणि दोन महिन्यांत रंगीत पट्ट्यांची खात्री कोणी देत असेल, तर सरळ चपला घाला आणि घरी या.