तेलतवंग-शोध, उपग्रह-रडारद्वारे

समुद्रावर पसरलेला तेलाचा थर उपग्रहाने घेतलेल्या रडार-प्रतिमांवरून संगणकाकरवी ओळखण्याची पद्धत. त्यासाठी वापरले जाणारे सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडार स्वतः सूक्ष्मलहरी सोडते आणि परतणारा प्रतिसाद टिपते. म्हणून रात्री किंवा ढगांआडूनही प्रतिमा मिळते. कोकण किनाऱ्याला याची गरज मोठी आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले, तेही ऐन पावसाळ्यात.

वाऱ्यामुळे पाण्यावर काही सेंटिमीटरच्या बारीक लहरी उठतात, त्यांच्यावरून रडारचा किरण परततो. तेलाखाली त्या दबतात आणि तेवढा भाग काळा दिसतो. वारा अगदी पडलेला असेल तर सगळेच पाणी काळे दिसते. सोसाट्याचा असेल तर लाटा तेल घुसळून टाकतात. ढग भेदणाऱ्या रडारला पावसाळी वारा मात्र अडवू शकतो.

खरी कसोटी डाग सापडल्यानंतर लागते. निवांत पाण्याचे पट्टे, प्लवकांचा तवंग, पावसाची सर हेही काळेच उमटतात. प्रणाली आधी जमीन वगळते, प्रतिमेतला कणीदारपणा कमी करते, मग डागाचा आकार, कडांची स्पष्टता आणि आजूबाजूच्या पाण्याशी असलेला फरक मोजते. अलीकडे ‘यू-नेट’सारखी न्यूरल जाळी प्रत्येक बिंदूचे वर्गीकरण करतात. चालत्या जहाजाने चोरून सोडलेले तेल लांब, अरुंद रेघेसारखे दिसते आणि तिच्या टोकाशी कधी कधी जहाजाचा पांढरा ठिपकाही सापडतो. त्या वेळच्या जहाजांच्या ‘एआयएस’ (स्वयंचलित ओळख यंत्रणा) नोंदी जुळवल्या तर संशयित जहाज हुडकता येते. या पद्धतीचे सर्वांत मोठे मोल यातच आहे. मात्र थराची जाडी अशा प्रतिमेतून नेमकी कळत नाही आणि खात्रीसाठी विमान किंवा नौका पाठवावीच लागते.

युरोपात ‘क्लीनसीनेट’ ही अशी तेलशोध सेवा २००७ पासून चालते. भारताने ‘रिसॅट-१’ (२०१२) आणि ‘ईओएस-०४’ (२०२२) हे रडार-उपग्रह सोडले. सांडलेले तेल कुठे वाहत जाईल याचा अंदाज हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे महासागर माहिती केंद्र देते. प्रत्यक्ष कारवाईचा समन्वय तटरक्षक दलाकडे असतो.

२०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेल्या, मुंबईलगतच्या ठाणे खाडीत ही पद्धत तोकडी पडते. आडोशाचे पाणी आणि ओहोटीत उघडा पडणारा ओला चिखल तेलासारखाच काळा दिसू शकतो. तिवरांच्या मुळांना चिकटलेले तेल तर रडारला दिसतच नाही. त्यामुळे खाडीसाठी उपग्रहाचा उपयोग बाहेर, बंदराच्या तोंडाशीच आहे: भरतीने तेल आत येण्याआधी.